हाताने केलेली मेल आर्ट पोस्टकार्डं जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेल आर्टबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. मेल आर्ट म्हणजे नेमकं काय? हाताने रंगवून पोस्टात टाकलेलं कुठलंही कार्ड मेल आर्ट होतं का?

नाही. भाचीने वाढदिवसाला रंगवून पाठवलेलं कार्ड जिवापाड जपावं, पण ते मेल आर्ट नव्हे. मेल आर्टमध्ये टपालाचा प्रवास हा कलाकृतीचाच भाग असतो. पत्ता, तिकीट, त्यावरचा शिक्का, वाटेत मुडपलेला कोपरा, हे सगळं धरून ती वस्तू पुरी होते.

बेन व्होतिए या फ्रेंच कलाकाराचं १९६५ सालचं 'पोस्टमनची निवड' हे कार्ड याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. त्याला पुढची-मागची बाजूच नाही. दोन्हीकडे पत्त्याच्या रेघा आणि दोन्हीकडे तिकिटाची चौकट. पाठवणाऱ्याने दोन बाजूंना दोन वेगळे पत्ते लिहायचे, दोन्हीकडे तिकिटं लावायची आणि कार्ड पेटीत टाकायचं. ते कुणाच्या दारात जाणार हे पोस्टमन ठरवणार. हे कार्ड कोरं असेपर्यंत नुसती छापील कल्पना असतं, टपालात पडलं की कलाकृती होतं. मेल आर्ट जमवणाऱ्याने हा फरक पहिल्या दिवसापासून मनात पक्का ठेवावा, कारण पुढची बहुतेक उत्तरं त्यावरच उभी आहेत.

२. याची सुरुवात कुणी केली? कुठे अमेरिकेच्या रे जॉन्सनचं नाव येतं, कुठे इटलीच्या फ्युचरिस्ट चित्रकारांचं.

दोन्ही बरोबर आहे, फक्त प्रश्न वेगवेगळे आहेत. कार्डावर कला करून पाठवणं जुनं आहे. जर्मनीत 'डी ब्रुके' गटाचे किर्शनर, हेकेल, पेक्श्टाइन, श्मिट-रॉटलुफ हे चित्रकार पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून एकमेकांना आणि स्नेह्यांना रंगीत कार्डं धाडत होते. हाम्बुर्गच्या रोझा शापिरे या कलाइतिहासकार बाईंना अशी बरीच कार्डं आली. फ्रान्झ मार्क या जर्मन चित्रकाराने एल्झे लास्कर-श्यूलर या कवयित्रीला हाताने रंगवलेली २८ कार्डं पाठवली. त्यांतलं १९१२-१३ च्या नववर्षाचं कार्ड म्हणजे 'निळ्या घोड्यांचा मनोरा'. याच विषयावरचं त्याचं मोठं तैलचित्र नात्सींनी 'अधःपतित कला' म्हणून जप्त केलं आणि १९४५ पासून ते बेपत्ता आहे. तळहाताएवढं कार्ड मात्र म्युनिकमध्ये सुखरूप आहे.

इटलीत बाल्ला आणि कांजुल्लो हे फ्युचरिस्ट मित्रांना चितारलेली कार्डं पाठवत. इव्हो पान्नाज्जी आणखी पुढे गेला. १९२० च्या दशकात त्याने केलेल्या टपाल-कोलाजांमध्ये पोस्टाची तिकिटं, शिक्के आणि चिठ्ठ्या रचनेत मोकळ्या ठेवलेल्या जागा भरून काढायच्या. म्हणजे टपालखातं सहकलाकार झालं. हानोव्हरचा कुर्ट श्विटर्सही छापील कार्डांवर कात्रणं चिकटवून ती पाठवायचा.

रे जॉन्सनने जे सुरू केलं ते कार्ड नव्हे, जाळं. त्यासाठी पुढचा प्रश्न.

३. रे जॉन्सन एवढा महत्त्वाचा का मानतात?

जॉन्सन १९२७ साली डेट्रॉइटला जन्मला, ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकला आणि न्यूयॉर्कला आला. १९५० च्या दशकापासून त्याने लहान कोलाज, कात्रणं आणि चित्रं पोस्टाने लोकांना पाठवायला सुरुवात केली. हे एकाने दुसऱ्याला पाठवणं नव्हतं. पाकिटात सूचना असायची: यात भर घाला आणि अमक्याला पाठवा, किंवा भर घालून रे जॉन्सनला परत करा. नावाजलेला समीक्षक, शेजारी, वर्तमानपत्रात नाव वाचलेला अनोळखी माणूस, कुणीही या साखळीत ओढला जाई. १९६२ मध्ये एड प्लंकेटने या उद्योगाला न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल असं नाव दिलं. १९७० मध्ये व्हिटनी म्युझियमने त्याचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा जॉन्सनने आपली कामं न मांडता लोकांनी त्याला पाठवलेलं टपाल मांडलं. हा निर्णय मला त्याच्या कुठल्याही एका कोलाजाहून मोठा वाटतो. १९७३ मध्ये त्याने ही 'शाळा' वारल्याचं पत्र न्यूयॉर्क टाइम्सच्या मृत्युलेख विभागाला पाठवलं. टपाल मात्र चालूच राहिलं, ते १३ जानेवारी १९९५ ला त्याने सॅग हार्बरच्या पुलावरून उडी घेईपर्यंत.

त्याची ओळखीची खूण म्हणजे ससा. दोन लांब कान, लांबोडकं नाक, गोल डोळे, आणि खाली कुणाचं तरी नाव. सगळे ससे जवळपास सारखेच. नाव बदललं की ते त्या माणसाचं व्यक्तिचित्र.

४. एवढ्या मोठ्या लोकांची कार्डं मला परवडणार कशी? पैसे न घालता संग्रह सुरू होतो का?

होतो, आणि माझ्या मते तसाच व्हावा. मेल आर्टचं जाळं आजही चालू आहे आणि त्याचा मूळ नियम देवाणघेवाणीचा आहे. कुणीतरी विषय जाहीर करतं, शेवटची तारीख आणि पत्ता देतं. प्रवेशशुल्क नाही, निवड समिती नाही, आलेलं सगळं मांडायचं, काम परत करायचं नाही, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला नावा-पत्त्यांची यादी किंवा पुस्तिका पाठवायची. अशा आवाहनांना एकेक कार्ड पाठवायला लागलात की उलट टपाल सुरू होतं.

जपानमध्ये ओसाकाच्या र्‍योसुके कोहेनचा 'ब्रेन सेल' हा प्रकल्प १९८५ पासून चालू आहे. लोक त्याला शिक्के, स्टिकर, छोटी चित्रं पाठवतात. तो त्या सगळ्यांचा मिळून एक मोठा कागद छापतो, साधारण १५० प्रती काढतो आणि सहभागी झालेल्यांना पत्त्यांच्या यादीसकट एकेक प्रत पाठवतो. अशा मार्गाने आलेल्या कागदावर तुमचं स्वतःचं नाव असतं. विकत घेतलेल्या कार्डावर ते कधीच नसणार.

दिवंगत आणि नावाजलेल्यांची कार्डं बाजारातूनच घ्यावी लागतात. त्यातही स्वस्त-महागाचा मोठा उतार आहे. तो पुढे सांगतो.

५. विकत घ्यायचंच ठरवलं तर कुणाची कार्डं शोधावीत?

आधी एक भूभाग किंवा एक दशक निवडा. सगळं जग एकदम जमवायला निघालेल्याकडे शेवटी नुसता ढीग होतो.

माझं मन पूर्व युरोप आणि दक्षिण अमेरिकेकडे ओढतं, कारण तिथे पोस्टकार्ड हा छंद नव्हता, श्वास घ्यायची खिडकी होती. पूर्व बर्लिनच्या रूथ वोल्फ-रेफेल्ट यांनी साध्या टंकलेखन यंत्रावर अक्षरं, स्वल्पविराम आणि अधिकचिन्हं ठोकून लाटा, पिंजरे, खोके उभे केले आणि ते छापून कार्डांमधून जगभर पाठवले. परदेशप्रवास जवळजवळ अशक्य होता, म्हणून कार्डं गेली. बर्लिनची भिंत पडल्यावर, १९९० मध्ये, त्यांनी हे काम थांबवलं. २०१७ च्या डॉक्युमेंटा या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांची कामं दिसली आणि जग त्यांच्याकडे वळलं. त्यांचे पती रोबर्ट रेफेल्ट हेही या जाळ्याचे एक केंद्र होते. हंगेरीच्या एन्द्रे तोतने पत्रंच्या पत्रं नुसत्या शून्यांनी भरली.

उरुग्वेच्या क्लेमेन्ते पादिनला आणि होर्हे काराबायोला १९७७ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने तुरुंगात टाकलं. जगभरच्या मेल आर्टिस्टांनी त्यांच्या सुटकेसाठी पत्रांची मोहीम चालवली. पादिन १९७९ मध्ये सुटला. ब्राझीलच्या रेसिफेत पाउलो ब्रुस्की आणि दानिएल सान्तियागो यांनी १९७६ मध्ये भरवलेलं आंतरराष्ट्रीय मेल आर्ट प्रदर्शन पोलिसांनी बंद पाडलं आणि दोघांना पकडलं. अर्जेंटिनात ला प्लाताच्या एदगार्दो आन्तोनिओ व्हिगोचा मुलगा त्याच वर्षी तिथल्या लष्करी राजवटीत 'बेपत्ता' झाला. व्हिगो त्यानंतरही शिक्के कोरत आणि कार्डं पाठवत राहिला. या माणसांची कार्डं हातात घेतली की साध्या रबरी शिक्क्याचंही वजन कळतं.

जपानमध्ये गुताई गटाचा शोझो शिमामोतो, इटलीत ब्रेशियाचा कावेल्लिनी, कॅनडात ॲना बनाना ही नावं तुलनेने सहज सापडतात आणि सुरुवातीला झेपतात.

ऑन कावारा हा जपानी कलाकार वेगळ्याच पातळीवर आहे. १९६८ ते १९७९ या काळात तो रोज दोन कार्डं दोघा परिचितांना पाठवायचा. पुढच्या बाजूला तो ज्या शहरात असेल तिथलं पर्यटकी चित्र. मागे रबरी शिक्क्याने तारीख, त्याचं नाव, मुक्कामाचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि एक ओळ: मी अमुक वाजता उठलो. मिनिटासकट. बाकी एक अक्षर नाही, सही नाही. ही कार्डं आता मोठ्या लिलावांत आणि संग्रहालयांत जातात. सामान्य संग्राहकाने ती प्रदर्शनात पाहावीत.

६. छापील कार्डं 'हस्तनिर्मित' म्हणून जमवावीत का?

वेगळ्या फाइलीत जरूर जमवा, पण नोंदीत 'छापील' असं स्पष्ट लिहा. बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या १९२३ च्या प्रदर्शनासाठी क्ले, कान्डिन्स्की, फाइनिंगर, मोहोली-नॉज वगैरेंनी केलेली २० कार्डं शिळाछापाची आहेत, तरी त्यांचं मोल कमी नाही. जोसेफ बॉइसचं १९७४ चं लाकडी कार्ड हीदेखील हायडलबर्गच्या श्टेक या प्रकाशकाने अनेक प्रतींत काढलेली आवृत्तीच.

एलेनॉर अँटिनची 'शंभर बूट' ही मालिका तर मला मेल आर्टमधली सर्वांत जिवंत कथा वाटते. काळ्या रबरी बुटांचे पन्नास जोड, ५१ छायाचित्रं, ५१ कार्डं. १९७१ ते १९७३ या काळात सुमारे हजार जणांना ती एकेक करून पोचली, कधी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी. पहिल्या कार्डावर बूट समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. शेवटी ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पोचतात, आणि १९७३ मध्ये खरोखरच तिथे मांडले गेले. इथे हाताचं काम छपाईत नाही, धाडण्याच्या लयीत आहे. म्हणून या मालिकेचं पत्ता आणि शिक्का असलेलं कार्ड आणि कोरं कार्ड यांत पुष्कळ फरक आहे (प्रश्न ८ पाहा).

७. खरं-खोटं घरच्या घरी कसं तपासायचं?

सहीवर भिस्त ठेवू नका. मेल आर्टमध्ये दुसऱ्याच्या नावाचे शिक्के बनवणं हा खेळाचाच भाग होता. नावाचा शिक्का दिसला म्हणजे काम त्याचंच, असं होत नाही. कार्डाच्या मागच्या बाजूपासून सुरुवात करा.

पत्त्यातला पिनकोड हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. अमेरिकेत झिप कोड १ जुलै १९६३ पासून आला. १९५८ ची तारीख घातलेल्या कार्डावर न्यूयॉर्कचा पाच आकडी झिप असेल तर तारीख किंवा कार्ड यांतलं एक खोटं आहे. जर्मनीत आजचे पाच आकडी क्रमांक १ जुलै १९९३ पासून लागू झाले. त्याआधी चार आकडे होते. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. मग तिकीट पाहा. ते तिकीट शिक्क्यावरच्या तारखेला निघालेलं होतं का, हे कुठल्याही चांगल्या तिकीटसूचीत मिळतं. शिक्का तिकिटावरून कार्डावर अखंड उतरलाय का, की तिकिटाच्या कडेशीच तुटतो, हे भिंगातून पाहा. शिक्का तुटत असेल तर तिकीट दुसऱ्या पाकिटावरून आणून चिकटवलं असण्याची शक्यता मोठी.

नंतर कागद. १९५० च्या आसपासपासून कागदात उजळपणा आणणारी रसायनं घालायला लागले. असा कागद अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. १९२० च्या दशकातलं म्हणून दाखवलेलं कार्ड तसं चमकलं तर व्यवहार तिथेच थांबवा. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धानंतरचं, फेल्ट पेन त्याहून अलीकडचं.

शेवटी, कार्ड कुणाच्या पत्त्यावर आलं आणि त्यांच्याकडून विक्रेत्याकडे कसं आलं, हे लेखी मागा. मेल आर्टमध्ये घेणाऱ्याचं नाव कार्डावरच असतं. विक्रेत्याची कहाणी त्या नावाशी जुळली पाहिजे.

८. पोस्टात कधी पडलंच नाही असं कार्ड घ्यावं का? आणि पाकिटातून पाठवलेलं?

पाकिटातून आलेलं कार्ड पूर्ण कलाकृती आहे, मात्र पाकिटासकटच. पाकीट फेकून नुसतं कार्ड विकणारे भेटतात. अशा कार्डाचा प्रवास गमावलेला असतो, म्हणून किंमतही त्या हिशेबाने द्या.

टपालात न पडलेली कार्डं दोन तऱ्हेची. काही कलाकाराच्या टेबलावर राहून गेलेली, पत्ता घातलेली पण न टाकलेली. ती अभ्यासाला फार उपयोगी, अवश्य घ्या. दुसरी, विकण्यासाठीच 'मेल आर्टसारखी' केलेली. ती मी घेत नाही.

९. कार्डावर कलाकाराने स्वतःचंच तिकीट लावलंय आणि त्यावर पोस्टाचा खरा शिक्का पडलाय. हे चालतं?

ही कलाकारांची तिकिटं म्हणजे मेल आर्टमधली एक सबंध शाखा. ईव्ह क्लाइनने १९५७ मध्ये पॅरिसमधल्या आपल्या प्रदर्शनांच्या आमंत्रणांवर नुसतं निळं तिकीट लावलं आणि ती फ्रेंच टपालातून शिक्का घेऊन पोचली. फ्लक्सस या प्रयोगशील कलाकारांच्या गटातल्या रॉबर्ट वॉट्सने १९६० च्या दशकात तिकिटांचे अख्खे ताव काढले. १९७४ मध्ये जेम्स फेल्टरने कॅनडाच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात अशा तिकिटांचं प्रदर्शन भरवलं.

संग्राहकाने पाहायचं ते एवढंच: शेजारी खरं तिकीट आहे का? बहुतेक कलाकार टपालखर्च भरून आपलं तिकीट बाजूला लावत आणि शिक्का दोन्हींवर पडे. खरं तिकीट नसेल आणि शिक्का फक्त कलाकाराच्या तिकिटावर असेल, तर तो शिक्का जास्त बारकाईने तपासा (प्रश्न ७). आणि तुम्ही स्वतः पाठवताना टपालखर्च पूर्ण भरा. खरं तिकीट न लावता आपलंच चिकटवणं म्हणजे टपालखात्याची फसवणूक.

१०. जुन्या कार्डावर 'भर घालून पुढे पाठवा' अशी सूचना आहे. मी भर घालू का?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्यावर जाणकारांचंही एकमत नाही. सूचना पाळली नाही तर साखळी तुमच्यापाशी अडते. पाळली तर जुना पुरावा बदलतो.

माझा निर्णय असा: सूचना माझ्या नावाने आली असेल तर भर घालतो आणि पुढे धाडतो, पाठवण्याआधी दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवतो. सूचना दुसऱ्याच्या नावाने होती आणि कार्ड माझ्याकडे बाजारातून आलं असेल तर हात लावत नाही. ते आमंत्रण मला नव्हतं. अशा वेळी त्या कार्डाची प्रत काढून प्रतीवर भर घालावी. स्वतः जॉन्सन झेरॉक्स प्रती धाडायचा, त्यामुळे त्याच्या रीतीला हे सोडून नाही.

११. तिकिटं सोडवून तिकिटांच्या अल्बममध्ये लावली तर?

मुळीच नको. कार्ड पाण्यात घालू नका, तिकीट वाफेवर सोडवू नका, पाकीट कापू नका. कारण प्रश्न १ मध्ये आहे.

१२. आम्ही रत्नागिरीला राहतो. पावसाळ्यात कार्डं कशी जपायची?

कोकण आणि मुंबईकडच्या वाचकांकडून हा प्रश्न दरवर्षी जूनच्या आसपास येतो. शत्रू तीन: दमट हवा, कसर आणि उजेड.

प्रत्येक कार्ड पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, दोन बाजू उघड्या असलेल्या. दुकानात मिळणारी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात. त्यांना झेरॉक्सची काळी शाई चिकटते आणि कार्ड बाहेर काढताना अक्षरं प्लास्टिकवर उरतात. मेल आर्टमध्ये झेरॉक्स भरपूर असल्याने हा धोका इथे जास्त. लॅमिनेशन तर कधीच नाही, ते परत निघत नाही.

पाकिटं ॲसिड-फ्री पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी, सैल ठेवा. खोकं बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर नको. कपाट आतल्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं पुढे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर त्या वरचेवर वाळवाव्या लागतात, नाहीतर त्यांचा उपयोग संपतो. पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता कागदाला मानवते. एक छोटा आर्द्रतामापक आणून कपाटात ठेवा, म्हणजे अंदाजाने चालावं लागणार नाही. डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ काही प्लास्टिकना आणि शाईला बाधते.

कसरीला खळ आणि डिंक फार आवडतात, म्हणजे नेमकं कोलाज. महिन्यातून एकदा खोकं उघडून तळाशी बारीक भुसा किंवा कातरलेली कड दिसते का ते पाहा. बुरशी दिसली तर ते कार्ड ताबडतोब वेगळं करा, झटकू नका, पुसू नका. महत्त्वाचं असेल तर जाणकाराला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे.

१३. कार्डावरची सेलोटेप पिवळी पडून सुटायला लागली आहे. काढून नवी लावू?

नको. टेप कलाकाराने लावलेली असेल तर ती कलाकृतीचा भाग आहे. तिचा डिंक आधी पिवळा पडतो, मग पाझरतो, मग कोरडा होऊन वरचं प्लास्टिक सुटतं आणि डाग कायमचा राहतो. सुटलेला तुकडा फेकू नका. कार्डासोबत छोट्या पाकिटात ठेवा आणि तो कुठे होता ते फोटोवर खूण करून ठेवा. नंतरच्या कुणी, विक्रेत्याने वगैरे, फाटकं सांधायला लावलेली टेप ही वेगळी गोष्ट. पण तीही काढायचं काम संवर्धकाचं.

१४. फ्रेम करून भिंतीवर लावता येईल?

दोन्ही बाजू दिसतील अशी फ्रेम करवून घ्या, आणि थोड्या महिन्यांनी कार्ड बदला. स्टॅम्पपॅडची जांभळी शाई आणि स्केचपेनचे रंग उजेडात झपाट्याने उडतात. उडालेला रंग परत येत नाही. कायम भिंतीवर हवं असेल तर उत्तम स्कॅनची प्रिंट लावा आणि मूळ कार्ड खोक्यात ठेवा.

१५. नोंद कशी ठेवू?

दोन्ही बाजूंचा स्कॅन. मग पाठवणारा, घेणारा, दोन्ही गावं, शिक्क्यावरची तारीख, तिकीट, मापं, साहित्य, कार्डावरचा सगळा मजकूर जसाच्या तसा, आणि तुमच्याकडे कुणाकडून आलं ते. क्रमांक कार्डावर लिहायचा नाही, पाकिटावर लिहायचा. घेणाऱ्याचं नाव टाळू नका. दहा वर्षांनी संग्रहाचा नकाशा त्या नावांवरूनच काढता येतो.

१६. कार्ड माझं आहे. मग त्याचं चित्र पुस्तकात किंवा इंटरनेटवर टाकता येईल ना?

कार्ड ही वस्तू तुमची. चित्राचा आणि मजकुराचा प्रताधिकार मात्र पाठवणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो. भारतीय कायद्यात साधारणपणे तो निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, युरोपात ७०. मार्क १९१६ मध्ये आणि श्विटर्स १९४८ मध्ये गेला, तिथे अडचण उरलेली नाही. जॉन्सनच्या बाबतीत अजून बराच काळ परवानगी लागेल.

त्याहून महत्त्वाचं: कार्डावर माणसांच्या घरांचे पत्ते असतात आणि त्यांतली पुष्कळ माणसं आज त्याच पत्त्यावर राहतात. प्रकाशित करताना हयात व्यक्तींचे पत्ते झाका. मूळ कार्डावर नव्हे, स्कॅनवर.

१७. भारतात असं काही झालं का? मराठीत?

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आलं, आणि त्यावर चित्र काढून धाडणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांचं. प्रवासात असताना शाईच्या चार-दोन फटकाऱ्यांत झाड, बैल, होडी काढून ते विद्यार्थ्यांना आणि घरच्यांना कार्डं पाठवत. जाळ्याच्या अर्थाने ही मेल आर्ट नाही, तिचे पूर्वज म्हणा.

ही कार्डं जमवणाऱ्याने एक अट लक्षात ठेवावी. नंदलाल बोस यांच्या कलाकृती १९७२ च्या पुरातन वस्तू व कला ठेवा कायद्याखाली 'कला ठेवा' म्हणून संरक्षित आहेत. देशात खरेदी-विक्री करता येते, पण देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या नातलगाला भेट म्हणूनही नाही.

मराठीत याला सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे मुंबईतली लघुनियतकालिकं. सायक्लोस्टाइल केलेले, हाती पिनलेले अंक, ओळखीतून आणि टपालातून फिरणारे. साधनं तीच, बंडखोरी तीच. तरी त्यांना मेल आर्ट म्हणणं ओढूनताणून होईल. ती साहित्याची चळवळ होती आणि तिचा संग्रह स्वतंत्रपणेच व्हायला हवा.

१८. भारतातून परदेशी कार्ड पाठवताना काय सांभाळू?

उघडं पाठवा. पाकिटात घातलं की पोचण्याची खात्री वाढते, पण कार्डाची परीक्षा होत नाही. माप ९० × १४० मिलिमीटरपेक्षा लहान नको. पत्ता उजव्या अर्ध्या भागात, रोमन लिपीत, देशाचं नाव शेवटच्या ओळीत. मणी, धातू, जाड दोरा चिकटवला असेल तर यंत्रात अडकतो, तेव्हा ते पाकिटातच. दर बदलत राहतात, खिडकीवर विचारून घ्या, आणि शिक्का तुमच्यासमोर हाताने मारायची विनंती करा. बरेच कर्मचारी आनंदाने ऐकतात, काही तर कार्ड उलटसुलट करून पाहतात आणि शिक्का कुठे हवा ते विचारतात.

उघड्या कार्डावर काय दिसतंय याचंही भान ठेवा. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये जेनेसिस पी-ऑरिज या कलाकारावर कोलाज कार्डांपायी टपालातून अश्लील मजकूर पाठवल्याचा खटला झाला आणि दंड बसला.

१९. भेट आलेली कार्डं विकणं योग्य आहे का?

या जाळ्यात 'मेल आर्ट आणि पैसा यांचं जमत नाही' हे जुनं घोषवाक्य आहे. ते हलक्यात घेऊ नये. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रँकलिन फर्नेसमधल्या प्रदर्शनात आलेल्या कामांपैकी काही मांडायची वगळली, तेव्हा जगभरातून निषेधाची खुली पत्रं आली. आलेलं सगळं मांडायचं हा शब्द मोडला होता. पैशाबाबतही भावना तितकीच तीव्र आहे.

तुमच्या नावाने, हयात माणसाकडून आलेलं कार्ड विकू नका. नकोसं झालं तर दुसऱ्या संग्राहकाला द्या. बाजारातून घेतलेलं कार्ड बाजारात परत जाणं यात गैर काही नाही.

२०. माझ्यानंतर या सगळ्याचं काय? घरच्यांना यात रस नाही.

आत्ताच लिहून ठेवा, आणि दोन गोष्टी ठळक लिहा: गठ्ठा फोडायचा नाही, आणि 'जुनी पत्रं' म्हणून रद्दीत घालायचा नाही. एका माणसाला पंधरा वर्षांत आलेली कार्डं एकत्र असतील तर अभ्यासकाला त्यातून संवाद वाचता येतो, सुटी झाली की नुसती चित्रं उरतात. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे रे जॉन्सनचा मित्र विल्यम विल्सन याचा संग्रह असाच एकत्र गेला, म्हणून २०२१ मध्ये त्यावर मोठं प्रदर्शन उभं राहू शकलं.

बुडापेस्टमध्ये ग्यॉर्गी गालांताई आणि युलिया क्लानित्साई यांनी १९७९ मध्ये आपल्या घरातून सुरू केलेलं आर्टपूल २०१५ पासून तिथल्या ललितकला संग्रहालयाचा भाग आहे. जर्मनीत श्वेरिनच्या सरकारी संग्रहालयात मेल आर्टचं दफ्तर आहे. लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेकडेही अशी कागदपत्रं आहेत. देणगी द्यायची असेल तर आधी नोंदयादी (प्रश्न १५) पाठवा आणि त्यांना काय हवं ते विचारा, कारण कुठलंही संग्रहालय न पाहिलेला खोका घेत नाही. भारताबाहेर पाठवत असाल तर प्रश्न १७ मधली अट लागू होते का तेही तपासा. इथल्याच कला महाविद्यालयाचं ग्रंथालय घ्यायला तयार असेल तर माझी पसंती त्याला.